तो मुखवटा भिंतीवरून उतरवा, पण घराबाहेर काढू नका

तुमचा प्रश्न वाचला, चारही फोटो मोठे करून पाहिले. मला समजलं ते असं. वडील १९७८ ते १९८४ नायजेरियात, लागोसजवळच्या एका कापड गिरणीत होते. येताना त्यांनी हा लाकडी मुखवटा आणला आणि तेव्हापासून तो हॉलच्या भिंतीवर आहे. आता वडील नाहीत, घर आवरायला काढलंय आणि मुखवट्यावरून दोन तट पडलेत. आत्या म्हणतात, असली भुताखेताची वस्तू घरात नको. तुम्हाला बाबांची आठवण म्हणून तो हवाय. थोरला मुलगा त्याला घाबरतो, धाकटीला मात्र वेशभूषा स्पर्धेत तोच घालून जायचंय. त्यातच खाली पांढरी पूड पडायला लागली आहे. म्हणून तुम्ही विचारलंय: हा खरा आहे का, अशुभ आहे का, आणि साफ कसा करायचा.

मी लाकडी वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती करते, पंचवीसेक वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे नायजेरियातल्या इबादान शहरात गेली, आणि योरुबा मुखवटे हाताळायला मी तिथेच शिकले. योरुबा हा तिथला, नैऋत्य नायजेरियातला आणि शेजारच्या बेनिन देशातला मोठा समाज. मी योरुबा नाही, त्यांच्या कुठल्या मंडळाची सभासदही नाही. तेव्हा बाहेरच्या माणसाला जेवढं दाखवतात आणि सांगतात, तेवढ्याच जोरावर लिहिते आहे.

खरा-खोटा आणि शुभ-अशुभ यांच्या आधीचा एक प्रश्न तुमच्याकडून राहून गेलाय: ही वस्तू आहे तरी काय? ते कळलं की बाकीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

गोल, शांत चेहरा; गालांवर तीन उभ्या रेघा; डोक्यावर एकमेकांत गुंतलेले दोन साप, मधोमध पक्षी; काठाला ओळीनं भोकं. हा गेलेडेचा मुखवटा आहे. गेलेडे ही पश्चिमेकडच्या योरुबांची परंपरा. तिचं मूळ केटूच्या परिसरात सांगतात. केटू हे जुनं योरुबा राज्य आज बेनिन देशात येतं, त्याला लागून नायजेरियाच्या बाजूला मेको. तिथून ती लागोसपर्यंत आली. नायजेरिया, बेनिन आणि टोगो या तिन्ही देशांची परंपरा म्हणून युनेस्कोनं २००१ साली तिची दखल घेतली आणि २००८ मध्ये ती जागतिक यादीत गेली.

आता मुद्द्याचं. गेलेडेचा मुखवटा चेहऱ्यावर बांधत नाहीत. तो टोपीसारखा डोक्यावर बसतो, जरासा कलता. काठाच्या भोकांतून दोरा ओवून कापड बांधतात, ते नाचणाऱ्याच्या तोंडावरून खाली सोडतात आणि त्या कापडातून तो बघतो. म्हणजे नाचताना दोन चेहरे असतात: खाली पडद्याआड माणसाचा, वर लाकडाचा. लाकडी चेहऱ्याची नजर समोरच्या गर्दीच्या किंचित वरून जाते आणि त्याच्या माथ्यावरचा देखावा आभाळाकडे उभा राहतो.

तुम्ही तो पोकळ बाजू भिंतीला टेकवून लावलाय. त्यामुळे अख्खी वस्तू पुढे लवंडली आहे. जे साप वर हवेत ते समोर आलेत, बघणाऱ्याच्या अंगावर येतात, आणि चेहरा जमिनीकडे बघतोय. थोरल्याला तो "रागावून बघतो" असं वाटतं ते याचमुळे. मूल बरोबर बघतंय. टांगणाऱ्याची चूक झाली. ही चूक फक्त तुमचीच नाही, चांगल्या चांगल्या घरांत मी ती पाहिली आहे. मुखवटा म्हटलं की आपण खिळा शोधतो.

खाली उतरवून एखाद्या उलट्या पातेल्यावर, पोकळ बाजू खाली करून ठेवून बघा. लगेच फरक दिसेल. पापण्या जड, ओठ मिटलेले, कसली घाई नाही. योरुबांत एक म्हण आहे, "इवा लेवा": स्वभाव हेच सौंदर्य. कोरणाऱ्याला चेहऱ्यात ते आणायचं असतं. खाली थंडपणा आणि वर वाटेल तो धुमाकूळ. वर साप असतील, बिबट्या असेल, बाजाराला निघालेली बाई असेल, शिवणयंत्र, मोटारसायकल, विमानही असेल. काहींत तर दोरी ओढली की हलणाऱ्या बाहुल्या असतात. गावात जे चर्चेत आहे ते माथ्यावर चढतं आणि खालचा चेहरा ढळत नाही.

हा सगळा खटाटोप कोणासाठी? "आवोन इया वा", आमच्या आया. यात जन्मदाती येते, पण तेवढीच नाही. वय झालेल्या, अनुभवानं पिकलेल्या बायका, आणि देहातून गेलेल्या आयाही. त्यांच्याकडे एक ताकद असते असं मानतात. ती मूल देऊ शकते, पीक देऊ शकते, बाजार भरवू शकते. बिनसलं तर हे सगळं अडवूही शकते. योरुबात या ताकदीला आणि ती असणाऱ्या बाईला "आजे" म्हणतात. त्याचं भाषांतर सर्रास "चेटकीण" असं केलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. चेटकिणीला गावाबाहेर काढतात. इथे अख्खं गाव भर बाजारात जमून तिची मनधरणी करतं. आपल्याकडे सटवाईबद्दल बोलताना आवाजात जी भीती आणि आदर एकत्र असतो, तसं काहीसं. फरक इतकाच की सटवाई देवता, आणि तिथे ती शेजारच्या घरातली म्हातारी असू शकते.

पक्षी या आयांचा, रात्रीच्या त्यांच्या संचाराचा. योरुबा राजांच्या मण्यांच्या मुकुटावरही पक्षी बसवलेले असतात. आयांच्या पाठबळाशिवाय राजाचं राज्य चालत नाही, असा त्याचा एक अर्थ सांगतात. सापाबद्दल मला दोन ठिकाणी दोन अर्थ ऐकायला मिळाले. एके ठिकाणी म्हणाले, साप झोपलेला दिसला तरी त्याला कोणी डिवचत नाही, तशी आई. दुसरीकडे, साप आणि पक्षी यांची कायमची झुंज. तुमच्या मुखवट्याचा नेमका अर्थ कोणता हे फक्त लाकूड बघून कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो अर्थ मुखवट्यासोबत गायल्या जाणाऱ्या गाण्यात असतो, आणि गाणं तुमच्याकडे आलेलं नाही.

गाण्यांचा भाग म्हणजे एफे, आदल्या रात्रीचा खेळ. बाजाराच्या पटांगणात एफेचं सोंग येतं आणि उजाडेपर्यंत गातं. सुरुवातीला देवांना, पूर्वजांना, आयांना नमन. मग आशीर्वाद, आणि मग गावाची बिनपाण्याची हजामत. कोणी उधारी बुडवली, कोण पुढारी झाल्यावर फुगला, कोणाच्या घरात काय चाललंय, सगळं येतं. त्या रात्री त्याला कोणी हात लावू शकत नाही, कारण तो आयांच्या आश्रयानं बोलतो. केटूकडे रात्रीच्या एका टप्प्यावर सगळे दिवे विझवतात आणि अंधारात थोरल्या आईचा पांढरा मुखवटा येतो. त्या वेळी तिच्याकडे बघायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाच. आधी लहान मुलं, मग मुरलेले. नाचणारे सगळे पुरुष, पण बाईचं सोंग घेणारे भरपूर: मोठी छाती, मोठे नितंब, घरातल्या बायकांकडून मागून आणलेली वस्त्रं आणि डोईचे रुमाल. बऱ्याचदा जोडीनं नाचतात. पायात लोखंडी वाळे असतात. योरुबा भाषेत स्वराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून ढोल नुसता वाजत नाही, बोलतो. आणि नाचणाऱ्याला ढोलाच्या बोलातलं एकेक अक्षर वाळ्यांनी उचलावं लागतं. एक अक्षर हुकलं की गर्दीला लगेच कळतं. मी पाहिलेल्या एका नाचात पंधराएक वर्षांचा मुलगा शेवटच्या बोलावर अर्धा ठोका मागे पडला, तर समोर बसलेल्या म्हातारीनं जिभेनं "च्च" केलं. ढोल थांबले, पुन्हा तोच बोल, आणि या वेळी त्यानं बरोबर पकडला. म्हातारी हसली. कार्यक्रम कोणासाठी आहे हे मला त्या "च्च"नं समजावलं. तिकडे म्हणतात, ज्या डोळ्यांनी गेलेडे पाहिलं, त्यांनी पाहण्यासारखं सगळं पाहिलं.

या मुखवट्यांची एक कथाही आहे. येमोजा या योरुबा देवीला मूल होत नव्हतं. इफाचा, म्हणजे योरुबांच्या दैवी प्रश्नाचा, कौल घेतला, तर नैवेद्य ठेवायला आणि डोक्यावर लाकडी प्रतिमा, पायात वाळे घालून नाचायला सांगितलं. तिला दोन मुलं झाली. मुलगा एफे, थट्टेखोर. मुलगी गेलेडे, आईसारखी नाचाची वेडी. आत्यांना ही कथा जरूर सांगा. लेकरासाठी केलेल्या नवसातून आलेली वस्तू आहे ही, भुताची नाही.

आता शुभ-अशुभाबद्दल सरळ. तुमच्याकडे जे आहे ते लाकूड आहे. योरुबांच्या दृष्टीनं शक्ती, "आशे", ही वस्तूत कायमची भरून ठेवलेली नसते. कापड, ढोल, गाणं, नैवेद्य, माणूस आणि जमलेलं गाव हे सगळं एकत्र आल्यावर ती जागी होते. गेलेडेचे नेहमीचे मुखवटे लोक उघडपणे कोरून घेतात, कौतुकानं बघतात, दरवर्षी रंगवतात, आणि वाळवीनं खाल्ले की नवे करतात. थोरल्या आईचा मुखवटा वेगळा, त्याचे नियम कडक. पण त्याला पुढे दाढीसारखी लांब फळी असते आणि तो पांढरा असतो. तुमच्याकडे ते काहीच नाही.

हेच उत्तर मी प्रत्येक योरुबा वस्तूला देणार नाही, हे मुद्दाम सांगते. एगुंगुन असता तर माझा सूर वेगळा असता. एगुंगुन म्हणजे परत आलेले पूर्वज, आणि तिथे पुष्कळदा लाकडी मुखवटा नसतोच. कापडाचे थरच्या थर असतात. कुटुंब वर्षानुवर्षं नवी पट्टी जोडत जातं, तोंडापुढे जाळी. आतला माणूस कोण हे बोलायचं नाही, त्याला शिवायचं नाही. सोबत काठ्या-चाबूक घेतलेले राखणदार असतात, ते गर्दीला अंतरावर ठेवतात. इबादानला ओलोलू नावाचा एगुंगुन निघतो, त्याला बाईनं पाहायचंच नाही. पहिल्या वर्षी मला ठाऊक नव्हतं. ढोल ऐकून मी फाटकाकडे निघाले तर घरमालकीण धावत आली, मला दंडाला धरून आत ओढलं आणि खिडक्या लावल्या. ती रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई! मी विचारलं, तुमचा विश्वास आहे यावर? ती म्हणाली, विश्वासाचा प्रश्न नाही, तो आमच्या गावचा आहे.

जाता जाता, तुमच्या वडिलांच्या धंद्याशी जोडलेली गोष्ट. एगुंगुनच्या थरांत घरचं हातमागाचं कापड असतं तसं विकत घेतलेलं, परदेशातून आलेलंही असतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात एक एगुंगुन आहे. त्यात आफ्रिका, युरोप आणि आशियातली मिळून तीनशेच्या वर कापडं मोजली गेली आहेत. बाबांच्या गिरणीतलं एखादं वार कुठल्या तरी घराच्या पूर्वजाच्या अंगावर आजही फिरत असेल, अशक्य नाही.

योरुबा प्रदेशाच्या पूर्वेकडे, एकिटी भागात, एपा नावाचे मुखवटे असतात. ते हंड्यासारखे अख्ख्या डोक्यावर बसतात, वर घोडेस्वार किंवा लेकुरवाळी आई, वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत. ते घेऊन तरणे पोर उंचवट्यावर उडी मारतात; तोल गेला तर गावाला वाईट. तुमचा तो नाही, एवढंच.

आणि तिसऱ्या फोटोत टीव्हीच्या मागे जो दुसरा काळा चेहरा दिसतो, तो योरुबा नाहीच. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला, फेस्टॅक. त्याचं बोधचिन्ह म्हणजे सोळाव्या शतकातला, राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा. मूळ वस्तू बेनिन राज्याची, ब्रिटिशांनी १८९७ च्या स्वारीत लुटून नेलेली. महोत्सवासाठी नायजेरियानं मागितली तरी ब्रिटिश संग्रहालयानं दिली नाही. मग घरोघर तिच्या नकला पोचल्या, तुमचा काळा चेहरा त्यातलाच. त्या काळात लागोसला राहून आलेल्या मराठी घरांत मी निदान दहा पाहिल्या असतील. हे बेनिन म्हणजे नायजेरियातलं बेनिन शहर, केटू ज्यात येतं तो बेनिन देश वेगळा. नावामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो.

"खरा आहे का?" या शब्दाचे इथे तीन अर्थ होतात. नाचासाठी कोरलेला आणि नाचलेला; योरुबा कारागिरानं विक्रीसाठी कोरलेला; आणि तिसऱ्याच कोणी बघून बघून केलेला. पहिल्या दोघांमधली भिंत फार पातळ आहे. तोच माणूस, तोच वाकस, तीच सुरी. सकाळी गावच्या मंडळाचं काम, दुपारी गिऱ्हाईकाचं. त्याला त्यात काही खोटं वाटत नाही, आणि मलाही नाही. तिसरा प्रकार बहुधा कानांवरून ओळखू येतो. नकल करणारा चेहरा जमवतो आणि कान उरकून टाकतो. तुमच्या मुखवट्याचे कान नीट, मन लावून काढलेले आहेत.

नाचलेला आहे का, हे आतून कळतं, आणि तुम्ही आतला फोटोच पाठवला नाही. घाम आणि डोकं घासून आतलं लाकूड काळपट, गुळगुळीत होतं, पण सगळीकडे सारखं नाही, जिथे टेकतं तिथेच. भोकांच्या कडा दोऱ्यानं झिजतात. विकण्यासाठी जुना केलेला असेल तर आतबाहेर एकसारखा काळा असतो. बुटाचं पॉलिश लावलेलं असतं, नाकाला वास येतो. बाहेरून एक आशा वाटते: नाकाचा टवका उडालाय तिथे लालच्या खाली निळा आणि निळ्याखाली पांढरा दिसतो. दर उत्सवाला रंगवलेल्या मुखवट्यावर असे थर चढतात. तो निळा म्हणजे बहुतेक कपड्यांना घालायची नीळ. साहेबांच्या काळात रेकिटची नीळ तिकडच्या बाजारात आली आणि कोरणाऱ्यांनी ती उचलली.

याच निळीनं मला धडा शिकवला. उमेदवारीत एका संग्रहासाठी गेलेडे साफ करायला दिला होता. धूळच तर आहे म्हणून मी ओल्या कापसानं पुसला. तीन बोळे निळे झाल्यावर लक्षात आलं की मी धूळ नाही, मुखवट्यावर रंगवलेला डोईचा रुमाल पुसते आहे. तो निळा परत आणता आला नाही. तेव्हा पाणी नको, स्पिरिट नको, जवसाचं तेल तर अजिबात नको. फर्निचरवाला "चमकवून देतो" म्हणेल, त्याच्या हातात देऊ नका. मऊ, कोरडा, रंगकामाचा नवा ब्रश घ्यायचा आणि वरून खाली हलक्या हातानं झाडायचं. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तिथे तेही नाही.

पण आधी ती पूड. पांढरी, मैद्यासारखी बारीक पूड म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. जुनी पूडही हलवल्यावर पडते, म्हणून खात्री करून घ्या. मुखवटा काळ्या कागदावर ठेवा, कागदावर भोकांसमोर खुणा करा, पंधरा दिवस हात लावू नका. नवे ढीग दिसले तर किडा जिवंत आहे. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा काढायची, चिकटपट्टीनं पक्का बंद करायचा आणि उणे अठरा ते वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये सलग दोन ते तीन आठवडे ठेवायचा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा चालणार नाही. बाहेर काढल्यावर निदान एक दिवस पिशवी उघडायची नाही. नाहीतर बाहेरचं दमट वारं लाकडावर पाणी होऊन बसतं आणि सगळे रंग जातात. रंग फार सुटलेले असतील तर हे घरी करू नका, आधी मला जवळून फोटो दाखवा. रॉकेल, वाळवीचं औषध, झुरळांचा फवारा यांतलं काहीही नको.

धाकटीबद्दल. मी नाही म्हणेन, पण कारण शाप-बिप नाही. मुखवटा तिच्या डोक्याला मोठा आणि जड आहे, पूड तिच्या डोळ्यांत-नाकात जाईल, आणि पडला तर सापाची शेपटी आधी तुटेल. गेलेडे घालून मुलगी शाळेत गेली म्हणून माझ्या ओळखीचा कोणी योरुबा रागावला नसता, "वाळे कुठेत?" असं मात्र नक्की विचारलं असतं. तिला कागदाच्या लगद्याचा करून द्या. वर साप नको, तिच्या शाळेत सध्या जे गाजतंय ते बसवा. डोक्यावर घाला, तोंडापुढे आईची जुनी ओढणी सोडा. ते तुमच्या भिंतीवरच्या मुखवट्यापेक्षा गेलेडेच्या जास्त जवळ जाईल.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. किंमत मी सांगत नाही. बाबांच्या कागदपत्रांत लागोसच्या संग्रहालयाचा शिक्का असलेली एखादी चिठ्ठी आहे का पाहा. नायजेरियात १९७९ पासून राष्ट्रीय संग्रहालय आयोग आहे, आणि कोरीव वस्तू देशाबाहेर नेताना ती पुरातन नसल्याचा परवाना घ्यावा लागे. सापडली तर मुखवट्यासोबतच ठेवा.

सुताराकडून पाया जड असलेला एक दांडा करून घ्या. वरचं टोक नारळाएवढं गोल, त्यावर सुती कापडाची उशी, उंची साधारण साडेपाच फूट, म्हणजे मुखवटा माणसाच्या डोक्याच्या उंचीला येईल. बाहेरच्या भिंतीजवळ नको, पावसाळ्यात ओल येते. वरून उशीवर टेकवायचा, बांधायचं काही नाही. थोरल्याला समोर उभं करून मगच कल ठरवा. नजर त्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. आणि ठेवण्याआधी उलटा करून आतला फोटो काढा, उजेड तिरका पडू द्या, फ्लॅश नको.